मी न सांगितलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरच्यांनी हे वाक्य वाचलं तर ते हसतील — मी न सांगितलेलं असं काही या जगात शिल्लक आहे, यावर त्यांचा विश्वासच बसायचा नाही. लग्न असो, बारसं असो, कुणाची बाराव्याची पंगत का असेना, ‘आत्या, सांग की’ असं कुणी म्हणायचा अवकाश, मी सुरू. यजमान म्हणतात, हिला जनगणनेच्या कामावर घातलं असतं तर सोलापूरची लोकसंख्या एका दिवसात दुप्पट झाली असती.

माझ्या या पोतडीत एक गोष्ट खास आहे. ‘आत्यानं नाव सांगितलं नाही’ ती गोष्ट. भाच्यांनी ती पाठ केलीय. कुठं थांबायचं, कुठं पदर सावरायचा, सगळं ठरलेलं आहे. तिच्यात मी शाळेतली मार्गदर्शन शिक्षिका आहे, समोर मुख्याध्यापिका खवळलेल्या आहेत, शेजारी एका मुलीची आई बसलीय, आणि मी एका अजाण पोरीचं गुपित ओठांबाहेर येऊ देत नाही. गोष्ट संपली की कुणीतरी म्हणतंच — याला म्हणतात शिक्षक. मग मी मान खाली घालते. खाली घातलेली मान किती छान दिसते, हे मला माहीत आहे.

या गोष्टीतला एकही शब्द खोटा नाही. मी खरंच नाव सांगितलं नाही.

पण थांबा. असं एकदम नको. आधी पेटीबद्दल सांगते — पेटीबद्दल बोलायला मला लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो, आणि तो अजून उतरलेला नाही.

दुष्काळ नुकताच ओसरला होता तेव्हाची ही गोष्ट. शहरात निम्म्या घरांत अजून रेशनची लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, शिजत होती. सात रस्ता चौकातून चालत पाच-सात मिनिटांवर आमची मुलींची शाळा. त्या वर्षी सरकारचं पत्र आलं की प्रत्येक शाळेनं एका शिक्षकाला विद्यार्थी-मार्गदर्शनाच्या शिबिराला पाठवावं. पुण्याला, दहा दिवस. मला का निवडलं? मी सांगते ती कारणं वेगळी असतात. खरं कारण — स्टाफरूममध्ये मी फार बोलायची, आणि दहा दिवस तेवढीच शांतता.

परत आले ती एक दोनशे पानी वही आणि एक शब्द घेऊन. पौगंडावस्था. तो शब्द मी इतका वापरला की महिन्याभरात आमचे शिपाईमामासुद्धा, पोरींनी नळ उघडा टाकला की ‘पौगंडावस्था, दुसरं काय’ म्हणत नळ बंद करायला लागले. पण शिबिरात एक गोष्ट खरंच मनात घुसली होती. या वयाच्या मुलीच्या पोटात काय काय साठलेलं असतं, आणि ते विचारायला तिला सबंध गावात एक माणूस नसतं. हे मला पुण्याला जाऊन कळलं, असं मी तेव्हा म्हणायची.

मग मी सुताराकडून पेटी करून घेतली. हिरवा रंग, वर फट, बारीकसं कुलूप. ‘शंकापेटी’. मुलींनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची. मी ती वाचणार, प्रश्न माझ्या अक्षरात उतरवून काढणार — म्हणजे अक्षरावरून कुणी कुणाला ओळखायला नको — आणि शनिवारी प्रश्न आणि उत्तर दोन्ही व्हरांड्यातल्या फळ्यावर लावणार. मूळ चिठ्ठी जाळायची. कुणाची चिठ्ठी, ते कुणालाही सांगायचं नाही. वहीत मी त्या नियमाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

सहा आठवडे झाले. पेटीत काय आलं असेल? पेपरमिंटचे कागद आले. ‘बाई तुमची निळी साडी छान आहे’ असं एक आलं — ते मी जाळलं नाही, खोटं कशाला बोलू. भूगोलाच्या बाई कधी रजेवर जाणार, अशी एक शंका आली. बस्स. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, सभेत म्हणाल्या की पुढच्या महिन्यापर्यंत काही आलं नाही तर पेटी काढू आणि तिथं छत्र्या ठेवायचं स्टँड करू. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी गेले आणि पाच प्रश्न तयार केले.

हो. मी. स्वतः.

चार सोपे होते. परीक्षेत हात थरथरतात. पाठ केलेलं विसरतं. मोठी बहीण हुशार, घरी सगळे तिच्याशी तुलना करतात. चौथा आठवतही नाही. पाचवा लिहायला बसले तेव्हा काय लिहायचं ते ठरवलं नव्हतं. लेखणी आपली चालत राहिली. ‘माझ्या आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मैत्रिणींना घरी बोलवायची मला लाज वाटते. आणि लाज वाटते म्हणून रडू येतं.’

हे कुठून आलं — हे विचाराल ना? आता आलेच आहे इथवर, तर सांगते.

मी नववीत होते तेव्हाचं हे. गिरणीचा भोंगा झाला की माझी आई हातातलं काम टाकून उठायची. पदर खोचायची आणि निघायची. गिरणीत तिचं काही काम नव्हतं, आमच्या घरातलं कुणीच गिरणीत नव्हतं. पण तिला वाटायचं, तिलाच बोलावतायत. सगळी पेठ दारात उभी राहून बघायची आणि मी मागून धावायची — तिला थांबवायला नाही, ती माझी आई नाही असं दिसेल इतकं अंतर ठेवून. पुढं मामा तिला घेऊन गेला. दीड वर्षानं परत आली ती शांत. फार शांत. घरात ठरलं की ती हवापालटाला गेली होती. धाकटा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा, तो आजही हवापालटच म्हणतो. माझ्या शेकडो गोष्टींत आई येते — तिचं लोणचं, तिचा गळा, तिचं माझ्या वडलांना टोमणे मारणं. भोंगा एकाही गोष्टीत नाही.

तर ते कागदावर उतरलं. आणि उतरल्यावर मला भीती वाटली. पेठेतली जुनी माणसं अजून होती. भोंगा लिहिला तर कुणीतरी ओळखेल. म्हणून मी बदललं. आई शहरातली होती, ती मी गावाकडं नेऊन ठेवली. आणि भोंग्याच्या जागी लिहिलं — ‘एसटीचा हॉर्न ऐकला की आई हातातलं टाकून पळत सुटते.’

मला वाटलं, वा, काय सुचलं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला असं सुचलं की तो स्वतःवरच खूश होतो.

सुचलं नव्हतं ते. ऐकलेलं होतं.

मी शिकवायची त्या नववीच्या वर्गात मंद्रूप गावची एक मुलगी होती, शिवलीला. शाळेसाठी शहरात मावशीकडं राहायची. मावशीला भाकरी थापता येत नाही असं तिच्या आईचं ठाम मत, म्हणून आई रोज सकाळी मंद्रूपहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा पाठवायची. शिवलीला शाळेत येता येता स्टँडवरून तो उचलायची, आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. घरच्या शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. ज्यांच्या घरी मिलो शिजत होती त्या पोरी मधल्या सुट्टीत त्या डब्यावर तुटून पडायच्या. आणि शिवलीला हसत हसत वर्गाला सांगायची, आमची आई लई घाईची, एसटीचा हॉर्न वाजला की तव्यावरची भाकर तव्यावर टाकून पळती. मी वर्गात होते तेव्हा. मीही हसले होते.

शनिवारी फळा लागला. पाचव्या प्रश्नाचं माझं उत्तर मला अजून पाठ आहे. ‘तुझ्या आईला आजार आहे. ताप येतो, हिवताप येतो, तसाच. तो तिनं मागून घेतलेला नाही आणि तू दिलेला नाहीस. तुला लाज वाटते, त्यानं तू वाईट मुलगी ठरत नाहीस.’ चांगलं उत्तर आहे. आजही म्हणते. चौदाव्या वर्षी मला हे कुणी सांगितलं असतं तर — जाऊ दे.

फळ्यापुढं ही गर्दी. मोठ्या बाई स्वतः येऊन वाचून गेल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. छत्र्यांचं स्टँड मागं पडलं. मी दिवसभर जमिनीवरून चालत नव्हते.

सोमवारपासून शिवलीलाच्या डब्याला कुणी हात लावेना.

कुणी तिला काही बोललं असं नाही. बोलल्या असत्या तर तिनं दोन शब्द परत दिले असते, तशी ती तोंडाची पक्की होती. फक्त मधल्या सुट्टीत एकेकीला भूक नसायला लागली. गावाकडची आई, एसटीचा हॉर्न — आणखी कोण असणार? आणि डोक्यावर परिणाम झालेल्या बाईच्या हातची भाकरी कोण खाणार? डबा भरलेला परत जायला लागला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मंद्रूपला त्या माउलीनं रोज संध्याकाळी डबा उघडायचा आणि त्यात सकाळचीच भाकरी बघायची.

मला हे दिसत होतं का? दिसत होतं. वर्ग माझाच होता. मी मनाशी म्हणत होते, या वयात असं चालतं, विरून जाईल.

विरलं नाही. शिवलीलाची थोरली बहीण महादेवी, तिचं लग्न वैरागच्या एका चांगल्या घरात ठरत आलं होतं. नवऱ्या मुलाची एक मामेबहीण आमच्याच शाळेत आठवीत. आठवीतल्या मुलीच्या तोंडून बातमी वैरागला पोचायला किती वेळ लागतो? वैरागहून निरोप आला की मुलीच्या आईबद्दल काही कानावर आलंय, तेव्हा सुपारी थांबवू.

आणि एका सकाळी डब्याच्या ऐवजी शिवलीलाची आईच एसटीतून उतरली.

ती मोठ्या बाईंच्या खोलीत बसली होती. धिप्पाड बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर तो डबा. मला बोलावलं तेव्हा दारात शिपाईमामा उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागं अर्धी शाळा उभी असणार हे मला कळत होतं. मोठ्या बाई खवळलेल्या होत्या, त्यांनी मूळ चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, जाळली. त्यांनी विचारलं, चिठ्ठी शिवलीलाची आहे का? मी म्हटलं, नाही. मग कुणाची आहे, ते सांगा.

मी पदर सावरला.

शिवलीलाच्या आईनं डबा खाली ठेवला. ती भांडायला आली असेल असं मला वाटलं होतं. तिचा आवाज अगदी साधा होता.

“बाई, तुमी शिकलेल्या हाय. माझं डोकं ठिकाणावर हाय का न्हाय, ते तुमीच बघा. हाय ना? मंग ती कोन ते तेवढं सांगा. एका नावावर माझ्या थोरलीचं लगीन अडलंय.”

बघा, इथं किती जागा होती. एक शब्द पुरला असता. मी. एक अक्षर ते. खोलीत तिघीच होतो, दार लोटून घेता आलं असतं. नोकरी गेली नसती. पेटी गेली असती कदाचित, थोडं हसं झालं असतं, आणि मोठ्या बाईंना कळलं असतं की माझी आई भोंग्यामागं धावायची.

मी ताठ उभी राहिले. म्हणाले, “नाव सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय.”

हेच ते वाक्य. भाचे माझ्याबरोबर म्हणतात ते.

शिवलीलाच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. मग उठली आणि डबा उचलला. “शब्द दिलाय म्हनल्यावर मोडू नगा,” म्हणाली. “त्या पोरीचं बी कुनीतरी असंल की.” दाराशी लेक उभी होती, तिला कानडीत एवढंच म्हणाली — बा. चल.

त्या दोघी गेल्यावर मोठ्या बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. त्या म्हणाल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. चांगल्या अर्थानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी एक कागद लिहिला : ‘ती चिठ्ठी शिवलीलाची नाही.’ एवढं तरी करावं म्हटलं. फळ्याला लावणार तोच शिवलीला आली. कागद वाचला आणि म्हणाली, हे लावू नका.

“मी न्हाय म्हनलं की दुसरीला धरतील, बाई. होटगीची एक हाय, तिऱ्ह्याची एक हाय, त्या बी गावाकडच्याच. ऱ्हाऊ द्या माझ्यावर. माझी आई तर बरी हाय. तिची न्हाय बरी.” आणि जाता जाता — “तिला सांगा, मी कुनाला बोलनार न्हाय.”

चौदा वर्षांची पोर. मी तिला काय सांगितलं? ‘सांगते,’ म्हणाले. कागद चुरगळला. खरं सांगू — मला हायसं वाटलं.

वैरागचं स्थळ मोडलं. शिवलीलाच्या आईनं त्यांना जाऊन सांगितलं की शाळेनं नाही म्हटलंय, चिठ्ठी आमची नव्हे. ते म्हणाले, मग शाळा नाव का सांगत नाही? काहीतरी असल्याशिवाय कुणी इतकं झाकत नाही. म्हणजे माझ्या चिठ्ठीनं अडलेलं लग्न माझ्या गप्प बसण्यानं मोडलं.

आणि पेटी? पेटी भरायला लागली. शिपाईमामांनी दारातून जे ऐकलं ते मधल्या सुट्टीत शाळाभर झालं होतं — बाईंनी मोठ्या बाईंपुढं नाव सांगितलं नाही. त्याच आठवड्यात सात खऱ्या चिठ्ठ्या आल्या, पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. कुणाला पाळी म्हणजे रोग वाटत होता. कुणाला घरातल्याच एका माणसाची भीती वाटत होती. एकीनं जे लिहिलं होतं ते मी मरेपर्यंत सांगणार नाही, पण अक्षर मी ओळखलं, त्याच रात्री मी आणि यजमान तिच्या घरी जाऊन बसलो, आणि ती आज दोन मुलांची आई आहे. ती पेटी पुढं अनेक वर्षं चालली. दुसऱ्या शाळांतले शिक्षक बघायला आले. हे सगळं झालं. मी केलं. याचा अभिमान वाटू नये असं मला कितीदा वाटलं, पण तो वाटतोच. सकाळी उठले की माझ्या आधी तो उठलेला असतो.

शिवलीलाच्या डब्याभोवती हळूहळू पोरी पुन्हा बसायला लागल्या. तिनं त्यांना बसू दिलं. ती मॅट्रिक होऊन गेली तोवर, व्हरांड्यात मी एकटी दिसले की जवळ यायची आणि हळूच विचारायची, “बाई, तिची आई कशी हाय आता?”

माझी आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिच्या त्या आजाराची चौकशी माझ्याजवळ आयुष्यात कुणी केली नव्हती. नातेवाइकांनी नाही, पेठेनं नाही. या एका मुलीनं केली, ती कुणाची चौकशी करतेय हे माहीत नसताना. मी म्हणायची, बरी आहे. ती म्हणायची, बरं झालं. आणि वर्गात जायची.

दोन वर्षांनी महादेवीचं लग्न झालं. अक्कलकोटकडचा बिजवर होता, पहिल्या बायकोचा सात-आठ वर्षांचा मुलगा असलेला. वैरागनंतर दुसरं चांगलं स्थळ आलंच नाही. मला मुद्दाम आमंत्रण होतं. मी गेले, सगळ्यात चांगली साडी नेसून गेले. मांडवात मला पुढं बसवलं. महादेवी मान खाली घालून बसली होती, तो मुलगा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता आणि ती त्याच्या कपाळावरचे केस मागं सारत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि मला ओळखून हसली.

शिवलीलाची आई खण-नारळ घेऊन माझ्यापुढं आली. व्याह्यांकडच्या बायकांना बोलावून म्हणाली, “ह्या आमच्या पोरीच्या बाई. जीव गेला तरी दिलेला शब्द मोडनार न्हायत.” बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझी मान ताठ होती. त्या बाईनं मला हळद-कुंकू लावलं, आणि मी पदर पुढं करून ओटी भरून घेतली.